निळा निळाच छापायचा असेल तर

एप्रिल जवळ आला की महाराष्ट्रातल्या फ्लेक्सच्या दुकानांत निळ्या रंगाची कामं वाढतात. १४ एप्रिलच्या जयंतीचे फलक, कमानी, मिरवणुकीच्या वाटेवरचे बॅनर. या कामांत एक तक्रार दरवर्षी ऐकू येते: स्क्रीनवर स्वच्छ निळा दिसलेला रंग छापून आला तेव्हा जांभळा मारत होता. शिवजयंतीला हीच तक्रार भगव्याबद्दल असते. तो एकतर विटकरी होतो, नाहीतर पिवळट. ज्या रंगाशी माणसांची ओळख आणि श्रद्धा बांधलेली आहे तो चुकला, तर ‘मशीनवर असंच येतं’ हे उत्तर पुरत नाही. बऱ्याचदा ते पूर्ण खरंही नसतं.

छपाईच्या व्यवसायानं या दुखण्यावर फार पूर्वीच एक उपाय काढला. रंगाला ‘गडद निळा’ किंवा ‘थोडा लालसर केशरी’ असं म्हणायचं नाही. त्याला क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक सगळीकडे सारखाच वाचला जाईल अशी व्यवस्था करायची. स्पॉट कलरची लायब्ररी ती हीच. कागदावरच्या ऑफसेट छपाईत ती उत्तम रुळली. फ्लेक्स, व्हिनाइल, कापड अशा मोठ्या आकाराच्या छपाईत मात्र तिच्याबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. डिझायनरला वाटतं की पँटोन लायब्ररीचा नंबर लिहिला की आपलं काम झालं. मशीन चालवणाऱ्याला वाटतं की हे नंबर ऑफसेटवाल्यांसाठी आहेत, आपल्याला त्यांचा उपयोग नाही. माझ्या मते दोघंही चुकतात. विकत मिळणाऱ्या लायब्ररीचं काम फक्त पोचायचं कुठे ते सांगण्याचं आहे. तिथवर आपलं मशीन जातं का, हे दुकानानं स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या मटेरियलवर छापलेल्या शेडकार्डावरूनच कळतं.

मुळात स्पॉट कलर म्हणजे स्वतंत्र मिसळलेली शाई. राजा रविवर्म्यांचा लिथो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवीदेवतांच्या चित्रांत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि त्या दगडावर त्याच रंगाची शाई चढे. शाई मिसळणाऱ्या कारागिराची नजर हेच माप होतं. ते माप कागदावर उतरवण्याचं काम अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या पँटोन कंपनीनं केलं. लॉरेन्स हर्बर्ट १९५६ मध्ये त्या छपाई कंपनीत नोकरीला लागले, १९६२ मध्ये त्यांनी ती विकत घेतली आणि १९६३ मध्ये ‘पँटोन मॅचिंग सिस्टीम’ बाजारात आणली. मोजक्या मूळ शाया, त्यांच्या वजनी मिश्रणाची कृती आणि त्या कृतीचा छापील नमुना, असा तो पंख्यासारखा उघडणारा गठ्ठा होता. आज त्यात दोन हजारांहून जास्त रंग आहेत. क्रमांकापुढचं ‘सी’ हे अक्षर कोटेड कागदासाठी आणि ‘यू’ अनकोटेडसाठी. एकच शाई, पण कागद बदलला की दिसणं बदलतं, ही कबुली या प्रणालीत पहिल्यापासून आहे. फ्लेक्ससाठी असं कोणतंही अक्षर नाही, हे ध्यानात ठेवायला हवं.

पँटोन एकटी नाही. जर्मनीत १९६८ पासून एचकेएस आहे, जपानमध्ये डीआयसी आणि टोयो आहेत. रंगवलेल्या पत्र्यासाठी आणि पावडर कोटिंगसाठी राल ही लायब्ररी चालते. ती १९२७ मध्ये चाळीस रंगांवर सुरू झाली होती. साइनबोर्डाच्या कामात रालचा संबंध हमखास येतो, कारण बोर्डाची चौकट पावडर कोटिंगची आणि आतला चेहरा छापील व्हिनाइलचा असतो. दोघांचा रंग जुळायला हवा, पण चौकट एका लायब्ररीतून आणि चेहरा दुसऱ्या लायब्ररीतून मागवलेला असतो.

आपल्याकडची लायब्ररी मात्र अनेकांना ठाऊक नसते. भारतीय मानक आयएस ५ हे तयार रंग आणि एनॅमलसाठीचं शेडकार्ड आहे. सिग्नल रेड ५३७, गोल्डन यलो ३५६, फिरोजी १७६ हे त्यातले क्रमांक सरकारी निविदांमध्ये आणि कारखान्यांच्या पाइपांवर दिसतात. राष्ट्रध्वजाचं मानक, आयएस १, याहून पुढे जातं. तिथे रंग शाईच्या किंवा शेडकार्डाच्या नावानं सांगितलेलाच नाही. तो १९३१ च्या आंतरराष्ट्रीय रंगमापन पद्धतीच्या आकड्यांत आहे: केशरीसाठी एक्स ०.५३८, वाय ०.३६० आणि उजळपणा २१.५. इंटरनेटवर तिरंग्यासाठी सर्रास वापरला जाणारा केशरीचा कोड एफएफ९९३३ घेतला, तर त्याचा उजळपणा सुमारे ४४ भरतो. म्हणजे स्क्रीनवरून उचललेला केशरी मानकातल्या कापडाच्या केशरीपेक्षा दुपटीनं उजळ आहे. दोघांनाही आपण केशरीच म्हणतो. स्कॉटलंडच्या संसदेच्या समितीनं २००३ मध्ये आपल्या ध्वजाच्या निळ्यासाठी पँटोन ३०० ची शिफारस केली. आपण आकडे दिले. आकड्यांचा मार्ग वापरायला अवघड आहे, पण मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. शाई कोणतीही असो, कापड असो की व्हिनाइल, आकडा मोजून तपासता येतो.

मोठ्या छपाईत हे आकडेच कामाला येतात. ऑफसेट मशीनच्या एका युनिटमध्ये पँटोनची मिसळलेली शाई ओतता येते. इको-सॉल्व्हंट, यूव्ही किंवा लेटेक्स मशीनमध्ये चार, सहा किंवा आठ शाया कायमच्या भरलेल्या असतात. एका बॅनरसाठी तिथे वेगळी शाई घालता येत नाही. म्हणून या मशीनवर छापलेला प्रत्येक पँटोन रंग हा त्याच भरलेल्या शायांच्या थेंबांतून केलेली नक्कल असते. ही नक्कल करतं ते रिप सॉफ्टवेअर: ओनिक्स, कॅल्डेरा, फ्लेक्सी, फोटोप्रिंट, रोलँडचं व्हर्सावर्क्स, मिमाकीचं रास्टरलिंक.

रिप काय करतं ते नीट समजून घेतलं की निम्म्या तक्रारी कुठून येतात ते कळतं. फाइलमध्ये ‘पँटोन २८६ सी’ या नावाचा स्पॉट रंग असेल, तर रिप ते नाव आपल्या यादीत शोधतं. यादीत त्या नावापुढे लॅब आकडे असतात: एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे लाल-हिरवा अक्ष, बी म्हणजे पिवळा-निळा अक्ष. ते आकडे घेऊन रिप त्या मटेरियलवर शाया कशा दिसतात ते सांगणाऱ्या प्रोफाइलकडे जातं आणि विचारतं, या फ्लेक्सवर या शायांनी हा रंग जास्तीत जास्त जवळ कसा आणता येईल? त्यातून थेंबांचं प्रमाण ठरतं. डिझायनरनं स्क्रीनवर पाहिलेलं सीएमवायके मिश्रण इथे लागू होत नाही, आणि ते चांगलंच आहे. ते मिश्रण कुठल्यातरी ऑफसेट कागदासाठी होतं.

ही साखळी नावावर चालते, म्हणून नाव हरवलं की सगळं हरवतं. कोरलमध्ये केलेलं आर्टवर्क जेपेग करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की त्यात स्पॉट रंग उरत नाही, नुसते पिक्सेल उरतात. जुन्या फाइलमध्ये नाव ‘२८६ सीव्ही’ किंवा ‘२८६ सीव्हीसी’ असं असतं, रिपच्या यादीत ‘२८६ सी’ असतं. जुळणी होत नाही आणि रिप गुपचूप फाइलमधलं पर्यायी मिश्रण छापतं. डिझायनरनं नावात एखादी मोकळी जागा जास्त टाकली तरी हेच होतं. लोगोखाली सावली किंवा पारदर्शकता दिली आणि पीडीएफ करताना सगळं सपाट केलं, तर त्या भागापुरता स्पॉट रंग सीएमवायके होतो आणि लोगोभोवती फिकट चौकोन उमटतो. तो चौकोन स्क्रीनवर दिसत नाही, वीस फुटांच्या बॅनरवर लांबून दिसतो. नावाचं महत्त्व कटिंग करणाऱ्यांना आधीपासून माहीत आहे. रोलँडच्या मशीनवर स्टिकरची कापायची रेषा ‘कटकंटूर’ या नेमक्या नावाच्या स्पॉट रंगात द्यावी लागते, नाहीतर मशीन ती कापत नाही, छापते. तीच शिस्त रंगाच्या नावालाही लावायची आहे.

लायब्ररीच्या आवृत्त्या हा वेगळा त्रास आहे. अ‍ॅडोबीच्या २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत पँटोन प्लस लायब्ररी आली आणि रंगांची व्याख्या सीएमवायकेऐवजी लॅब आकड्यांत झाली. त्यामुळे तीच फाइल जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळी दिसू लागली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधून बहुतेक पँटोन पुस्तकं काढली गेली. ती हवी असतील तर पँटोन कनेक्टची वर्गणी भरा, असं वापरणाऱ्यांना सांगण्यात आलं. फोटोशॉपमध्ये जुन्या फाइल उघडल्यावर त्या रंगांच्या जागी काळा दिसत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. एका खासगी कंपनीच्या यादीवर जगातल्या रंगांची भाषा अवलंबून असणं किती नाजूक आहे, ते त्या महिन्यात दिसलं. यावरून मी एकच व्यावहारिक गोष्ट घेतो: ब्रँडच्या पुस्तिकेत पँटोनच्या क्रमांकासोबत लॅब आकडेही लिहून ठेवावेत. आकड्यांना वर्गणी लागत नाही.

आता निळा जांभळा का मारतो, त्याकडे येऊ. पहिलं कारण फाइलमध्ये असतं. स्क्रीनचा शुद्ध निळा आरजीबीतून सीएमवायकेत गेला की सायन आणि मॅजेंटा दोन्ही जवळजवळ भरून येतात, आणि या दोन शायांचं भरगच्च मिश्रण जांभळटच दिसतं. म्हणून जुने जाणते डिझायनर मॅजेंटा सायनपेक्षा किमान तीस टक्क्यांनी कमी ठेवतात. दुसरं कारण अधिक खोल आहे. मागितलेला निळा मशीनच्या आवाक्याबाहेर असेल तर रिप त्याची तीव्रता कमी करून आवाक्यात आणतं. ते करताना लॅबच्या नकाशावर रंगछटा तीच ठेवायचा प्रयत्न होतो. पण लॅबचा नकाशा निळ्या भागात डोळ्याशी प्रामाणिक नाही. तिथे एकाच छटेच्या सरळ रेषेवरून आत सरकलं की डोळ्याला जांभळा दिसतो. रंगफरक मोजण्याच्या सीआयईडीई२००० या सूत्रात निळ्या भागासाठी खास दुरुस्तीचं पद आहे ते याचमुळे. म्हणजे आकड्यांनी जवळचा निळा डोळ्याला जवळचा असेलच असं नाही. निळ्याच्या बाबतीत शेवटचा निर्णय छापलेल्या नमुन्यावर माणसानंच करायला हवा.

भगव्याचं दुखणं वेगळं. भडक केशरी हा मॅजेंटा आणि यलोच्या आवाक्याबाहेरचा रंग आहे. पँटोन ऑरेंज ०२१ ची शाई कागदावर जशी पेटून दिसते तशी चार शायांतून येत नाही. यासाठी जादा शाया घालण्याचा विचार जुना आहे. पँटोननं १९९४ मध्ये नारंगी आणि हिरवी शाई जोडून हेक्साक्रोम आणलं. २००८ मध्ये ते बंद झालं. कल्पना टिकली आणि आज तिचं चांगलं रूप मोठ्या छपाईतच दिसतं. एप्सनच्या शुअरकलर एस८०६०० मध्ये लाल आणि नारंगी शाई आहे. रोलँडच्या ट्रूव्हिस मालिकेत नारंगी घेता येते. ज्या दुकानात भगव्याचं काम वर्षभर असतं त्यानं पुढचं मशीन घेताना वेगापेक्षा नारंगी शाईचा विचार आधी करावा, असं माझं ठाम मत आहे. आणि काही रंगांचा मोह सोडूनच द्यावा. पँटोनच्या ८०० मालिकेतले निऑन आणि ८७१ ते ८७७ चे धातुरंग साध्या इंकजेटवर नक्कल करून येत नाहीत. तो नंबर मागणाऱ्या ग्राहकाला काम घेण्यापूर्वीच तसं सांगायला हवं.

समजा रंग आवाक्यात आहे आणि नावही जुळलं. तरीही तो कशावर छापला यानं तो बदलतो. स्टार फ्लेक्सचा पांढरा आणि चांगल्या व्हिनाइलचा पांढरा एक नसतो. बहुतेक फ्लेक्स निळसर पांढरे असतात, कारण त्यात उजळवणारी द्रव्यं असतात. ती उन्हातल्या अतिनील किरणांत आणखी निळी चमकतात. मशीनबरोबर आलेली एकच प्रोफाइल सगळ्या मटेरियलला लावली तर लायब्ररी कितीही अचूक असो, पाया चुकलेला असतो. बॅकलिटची तर वेगळीच गोष्ट आहे. ग्लोसाइन बोर्डाच्या आतला दिवा शाईतून पार होऊन डोळ्याला येतो, म्हणून तो रंग परावर्तित प्रकाशात जुळवून काहीच मिळत नाही. तो मोजायचाही आरपार प्रकाशात, आणि शक्यतो त्याच एलईडीवर. इको-सॉल्व्हंट छपाई पूर्ण सुकायला साधारण एक दिवस लागतो. त्याआधी घेतलेलं माप फसवं असतं, आणि पावसाळ्यात दमट हवेत तर जास्तच. ग्लॉस लॅमिनेशननं गडद रंग आणखी खोल होतात, मॅट लॅमिनेशननं काळा राखाडी होतो. लॅमिनेशन करायचं असेल तर नमुनाही लॅमिनेट करूनच पाहायचा.

प्रकाशाचं एक सत्य छपाईतले लोक ऐकतात, पण मनावर घेत नाहीत. पँटोनचा नमुना वेगळ्या रंगद्रव्यांचा, आपला छापील तुकडा सायन-मॅजेंटा-यलोचा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही जुळले तरी बाहेर उन्हात फारकत होऊ शकते. छपाईचे मानक दिवे ५००० केल्विनचे असतात. होर्डिंग दुपारच्या उन्हात आणि रात्री फोकसखाली पाहिलं जातं. म्हणून मान्यता देताना नमुना निदान दुकानाच्या बाहेर नेऊन पाहावा. छोट्या चिपवर पाहिलेला रंग चाळीस फुटांच्या पृष्ठभागावर अधिक उजळ आणि भडक भासतो, हेही ग्राहकाला आधी सांगितलेलं बरं. पंखा जुना झाला असेल तर त्याचाही रंग उडालेला असतो. पँटोन तो वर्ष-दीड वर्षात बदलायला सांगते.

मग अचूक म्हणजे किती अचूक? रंगातला फरक डेल्टा ई या आकड्यात मोजतात. शेजारी शेजारी धरलेल्या दोन तुकड्यांत एकच्या आसपासचा फरक कसलेल्या डोळ्यालाच जाणवतो. दोन-तीनपर्यंत बहुतेक ग्राहक मान्य करतात. पाचच्या पुढे गेलं की कुणालाही दिसतं. ब्रँडचा लोगो दोन-तीनच्या आत असावा आणि पार्श्वभूमीला थोडी सूट द्यावी, असं मला वाजवी वाटतं. एकाच दुकानात चौकटीशेजारी लावायच्या बोर्डाला कडक माप लावायचं. एकट्यानं रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या होर्डिंगला मटेरियलच्या पांढऱ्याच्या संदर्भात रंग बरोबर असला तरी चालतं. जर्मनीच्या फोग्रा संस्थेच्या डिजिटल छपाईच्या पद्धतीतही असा फरक केलेला आहे.

मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. लहान दुकानाला तो महाग वाटतो, पण रंग चुकला म्हणून परत आलेला फ्लेक्स, त्याची शाई आणि गमावलेला ग्राहक यांचा वर्षभराचा हिशेब मांडून मगच तसं म्हणावं. मोजताना एम१ ही स्थिती ठेवावी, कारण तिच्यात अतिनील किरणांचा हिशेब धरलेला असतो. निळसर चमकणाऱ्या फ्लेक्सला तीच योग्य. मोठ्या कंपन्यांत आता लॅबच्या तीन आकड्यांऐवजी रंगाचा पूर्ण वर्णपट पाठवण्याची पद्धत रुळते आहे. त्यासाठीच्या सीएक्सएफ या फाइल-स्वरूपाला आयएसओचं मानक मिळालं आहे. एक्स-राइट कंपनीनं २००७ मध्ये पँटोन विकत घेतल्यावर २०१२ मध्ये आणलेल्या पँटोनलाइव्हमध्ये एका रंगाला वेगवेगळ्या पृष्ठभागांसाठी वेगवेगळी ध्येयं असतात. पुठ्ठ्यावर तो रंग जितका येऊ शकतो तितकाच पुठ्ठ्याकडून मागायचा. या सगळ्या वाटचालीतलं मला हेच सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

आणि ते पाऊल आपल्या गल्लीतल्या दुकानालाही टाकता येतं. आधी त्या मटेरियलवर लिनियरायझेशन करायचं, शाईची मर्यादा ठरवायची, प्रोफाइल बनवायची. मग दुकानात नेहमी लागणारे रंग निवडायचे: जयंतीचा निळा, भगवा, हिरवा, पक्षांचे रंग, गावातल्या बँकेचा आणि पतसंस्थेचा, दोन-चार नेहमीच्या ब्रँडचे. त्या प्रत्येकाचा मूळ आकडा मधोमध ठेवून आजूबाजूला थोड्या थोड्या फरकाच्या चौकटी छापायच्या. बहुतेक रिपमध्ये अशी सोय असते. सुकल्यावर, लॅमिनेट करून, मोजून आणि उन्हात पाहून सर्वांत योग्य चौकट निवडायची आणि ते प्रमाण त्या मटेरियलच्या नावानिशी रिपच्या यादीत साठवायचं. हेड बदललं, शाईची कंपनी बदलली, फ्लेक्सचा पुरवठादार बदलला की हे काम पुन्हा करायचं. लांबलचक होर्डिंग तुकड्यांत छापताना एक तुकडा सोडून पुढचा उलटा फिरवून छापला, की जोडावर मशीनच्या एकाच बाजूचे रंग शेजारी येतात आणि सांधा दिसत नाही. ही युक्ती कोणत्याही लायब्ररीत लिहिलेली नसते, पण तिच्याशिवाय लायब्ररीची मेहनत वाया जाते.

डिझायनरनं आपल्या बाजूनं फाइल पीडीएफमध्ये, स्पॉट रंगांची नावं शाबूत ठेवून द्यावी, लॅब आकडे सोबत लिहावेत आणि काम कुठल्या मटेरियलवर होणार ते आधी विचारावं. आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात त्या ग्राहकाला माझी विनंती आहे. पुढच्या वेळी बॅनर किंवा बोर्डाचं काम देताना दुकानाकडे त्याच मशीनवर, त्याच मटेरियलवर छापलेलं शेडकार्ड मागा. ते नसेल तर फूटभराचा नमुना छापून घ्या, दुसऱ्या दिवशी तो उन्हात धरून पाहा, पसंत पडला की त्यावर सही आणि तारीख घाला. अर्धा तुकडा दुकानात ठेवा आणि अर्धा स्वतःजवळ.